धम्मपाठ : ख्रिस्ती धर्मातील 'कृपा' आणि आपले गैरसमज



अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात अनेक महार कुटुंबे ख्रिस्ती झाली. 1956 नंतर त्याच समाजातील बहुसंख्य लोक बौद्ध झाले. त्यामुळे एकाच भावकीत एक घर ख्रिस्ती व एक घर बौद्ध असे तेथे आढळते. ख्रिस्ती नातेवाईक 'प्रभूच्या कृपेने' असे म्हणतात, तेव्हा आपल्यापैकी काही जण हसतात. काही जण 'आमच्यावरही बुद्धाची कृपा आहे' असे म्हणतात. दोघांनाही कृपा म्हणजे काय हे ठाऊक नसते. दुसऱ्याचा धर्म नीट समजल्याशिवाय आपला धम्म वेगळा कोठे आहे, हे सांगता येत नाही.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे मनुष्य पापात सापडलेला आहे व स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. ईश्वराने येशूच्या बलिदानातून त्याला तारण दिले. हे दान कमावलेले नसते, म्हणून त्यास कृपा म्हणतात. याविषयी चार गैरसमज आढळतात.

पहिला : कृपा आहे, तर पाप करावयास मोकळीक आहे. हा आक्षेप पौलाच्या काळीही होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो स्वतःच मांडून ठामपणे नाकारला आहे. जर्मन धर्मोपदेशक बॉनहोफर यांनी 1937 साली आचरणाशिवायच्या कृपेला 'स्वस्त कृपा' म्हणून धिक्कारले. हिटलरच्या राजवटीने 1945 साली त्यांना फाशी दिले.

दुसरा : कृपा पैशाने मिळते. पापाच्या शिक्षेतून माफी देणारी पत्रे युरोपात विकली जात होती. त्याविरुद्ध मार्टिन ल्यूथरने 1517 साली 95 मुद्दे मांडले. म्हणजे या व्यवहाराला विरोध त्याच धर्मातून उठला.

तिसरा : प्रोटेस्टंटांना सत्कृत्यांची गरज नाही व कॅथॉलिक केवळ सत्कृत्यांनी तरतात. दोन्ही म्हणणी चूक आहेत. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक व ल्यूथरन चर्चनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्याचा स्वीकार कृपेने होतो व सत्कृत्ये ही त्याची फळे होत, असे त्यात मान्य केले आहे.

चौथा : कृपा म्हणजे नवस फळणे, आजार बरा होणे, नोकरी लागणे. पौलाला शरीरात एक पीडा होती. ती जावी म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली, परंतु ती गेली नाही. 'कृपा पुरेशी आहे' एवढेच उत्तर त्याला मिळाले.

मग आपला मतभेद कोठे आहे? तो या गैरसमजांशी नसून मूळ सिद्धान्ताशी आहे. भगवान बुद्धांनी स्वतःस मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. तुमचे सर्व शिष्य निर्वाणास पोहोचतात काय, असे गणक मोग्गल्लान ब्राह्मणाने विचारले. काही पोहोचतात, काही नाही, असे भगवंत म्हणाले. राजगृहाचा रस्ता नीट सांगूनही वाटसरू उलट दिशेने गेला, तर सांगणाऱ्याचा काय दोष? नालंदा येथे एका ग्रामप्रमुखाला त्यांनी दुसरा दाखला दिला. खोल पाण्यात टाकलेला धोंडा लोकांनी हात जोडून कितीही विनविले, तरी वर येत नाही. तसेच दुष्कर्माचे फळ प्रार्थनेने टळत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. देव्हाऱ्यातील देव गेले. त्याच जागी बुद्धमूर्ती आली. पण तिच्यापुढे मुलाच्या परीक्षेसाठी मागणे मागितले, तर बदलले ते काय? दर पौर्णिमेला पंचशील घ्यावयाचे, सायंकाळी गुत्त्यावर जावयाचे आणि 'बाबासाहेब सांभाळून घेतील' असे म्हणावयाचे, ही आपली स्वस्त कृपाच नव्हे काय? ख्रिस्ती माणसाजवळ निदान कृपेचा सिद्धान्त तरी आहे. आपल्याजवळ तोही नाही. आपल्याजवळ शील आहे. तेच सोडले, तर हाती काही उरत नाही. दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत घातली आहे. ती पाळण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले आहे.

वंदना करू नये, असा याचा अर्थ नाही. वंदना ही कृतज्ञता आहे, मागणी नव्हे. मुलाच्या परीक्षेसाठी मूर्तीपुढे नवस बोलण्याऐवजी त्याच्याजवळ तासभर बसावे. आणि ख्रिस्ती आप्तांची थट्टा करू नये. मतभेद स्पष्ट सांगावा, मैत्री राखावी.

स्वाध्याय (कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी) :

1. ख्रिस्ती कृपा व नवस यांत फरक कोणता?

2. मार्गदाता व मोक्षदाता यांतील भेद मुलांना घरच्या उदाहरणाने समजावून सांगा.

3. आपल्या घरात कोणते शील केवळ तोंडी राहिले आहे?