मनाला बसलेला मार

वस्तीत आग लागते, सिलेंडर फुटतो, कुणावर हल्ला होतो, कुणाच्या घरात रोजची मारहाण चालते. अंगावरची जखम दिसते, म्हणून आपण दवाखान्यात धावतो. मनाला बसलेला मार दिसत नाही, म्हणून आपण म्हणतो, "विसर आता, किती दिवस तेच धरून बसणार?" पण असे सांगून ही जखम भरत नाही.

भयंकर घटनेनंतर काही दिवस झोप उडणे, छाती धडधडणे साहजिक आहे. आपल्या माणसांच्या आधाराने पुष्कळजण सावरतात. पण महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, वाईट स्वप्ने पडत असतील, जरा आवाज झाला की माणूस दचकत असेल, त्या जागेकडे जाणेच टाळत असेल, तर मदत घ्यावी. लहान मुले अंथरूण ओले करू लागतात, आईला सोडत नाहीत, खेळातही तीच घटना पुन्हा पुन्हा खेळतात. ही बाहेरची बाधा नव्हे आणि कमजोरीही नव्हे. धोका टळला तरी मेंदूतली धोक्याची घंटा वाजतच राहिलेली असते.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात. काहींना दोघांचीही गरज लागते.

पहिल्याच दिवशी सगळे सांगावे लागेल, या भीतीने अनेकजण जात नाहीत. तसे नसते. मानसशास्त्रज्ञ आधी झोप, जेवण, घरची परिस्थिती विचारतात. मारहाण अजून चालूच असेल, तर आधी सुरक्षित कसे राहायचे ते ठरवतात. मग घाबरल्यावर स्वतःला सावरायला शिकवतात: पाय जमिनीवर घट्ट टेकणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेणे, श्वास सावकाश सोडणे. हे जमू लागले की त्या घटनेबद्दल थोडे थोडे बोलायचे असते.

समजा, आगीत सापडलेली एक ताई गॅसजवळ जातच नाही. ती आधी बंद शेगडीजवळ बसेल, मग कुणी सोबत असताना शेगडी पेटवेल, मग एकटीने चहा करील. प्रत्येक पायरी तिच्या संमतीने. बहुधा आठवड्यातून एक बैठक असते. आठ ते सोळा बैठकांत अनेकांना फरक जाणवतो. वर्षानुवर्षे सोसलेल्या त्रासाला जास्त वेळ लागतो.

मध्येच काही दिवस आठवणी उसळतात, त्रास वाढल्यासारखा वाटतो. इथेच बरेचजण उपचार सोडतात. सोडू नका, तसे मानसशास्त्रज्ञांना सांगा. त्यांच्याशी सूर जुळत नसेल, तर दुसऱ्यांकडे जाता येते.

आपल्यापैकी अनेकजण विहारात ध्यानाला बसतात. ताज्या आघातात डोळे मिटले की तोच प्रसंग दिसू शकतो. तसे झाल्यास डोळे उघडावेत, जबरदस्तीने बसू नये. ध्यान ही उपचाराची जागा नव्हे.

घरच्यांनी खोदून विचारू नये, "वेडा झालास का" म्हणू नये. सोबत दवाखान्यात जावे, बाहेर थांबावे. आत बोललेले वस्तीत पसरेल ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा आणि सरकारी सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारख्या काही ठरावीक वेळीच गरजेपुरती माहिती इतरांना दिली जाते.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच वेळी रुग्णालयात न्या.

हाड मोडले तर आपण प्लास्टर घालतो, त्याची लाज बाळगत नाही. मनाच्या उपचाराचीही बाळगू नये.