गरम इंजिन, काळा धूर

प्रश्न : माझी 1996 ची मारुती 800 सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. पण बाजारात दहा मिनिटं थांबली, की बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. मग काळा धूर. इंजिन खोलावं लागेल का?

उत्तर : एवढ्यात नको, मेकॅनिक कितीही घाई करो! बंद इंजिनाची धग कार्ब्युरेटरला लागून पेट्रोल उकळतं, मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि गाडी ओव्हरफ्लो होते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका. पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. प्लगवर कोरडी काळी काजळी असेल, तर चोक अडकतोय का, एअर फिल्टर तुंबलाय का, ते बघा. फ्लोटची नीडल झिजली असेल तर बदला. धूर निळसर असेल तर मात्र ऑइल जळतंय : व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा.