मणक्यातील सळई आणि झिरपणारी जखम

चिंचेच्या झाडावरून पडून मणका मोडलेले राहात्याजवळचे एक शेतकरी मध्यंतरी माझ्याकडे आले. पाठीत स्क्रू व सळया बसवून 3 आठवडे झाले होते. कोरडी झालेली जखम एका टोकाला झिरपू लागली होती आणि कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले होते. ताप नसल्याने घरच्यांनी मनावर घेतले नाही. दुकानातून 5 दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या आणून दिल्या. पाणी थांबले, गोळ्या संपताच पुन्हा सुरू झाले.

"डॉक्टरसाहेब, गुण येत होता. अजून 5 दिवस द्या," मुलगा म्हणाला.

वाचकहो, घरातला रांजण आठवा. नुसते पाणी ओतून दिले तर आतला बुळबुळीत थर जात नाही. तो घासावा लागतो. धातूला चिकटलेले जंतू असाच थर करून राहतात. त्यात त्यांची वाढ मंदावते आणि बरीच प्रतिजैविके वाढत्या जंतूंनाच मारतात. रक्तातील पांढऱ्या पेशींचेही तेथे फारसे चालत नाही. वरचे मेले की जखम सुकते, थरातले तसेच राहतात.

म्हणून लवकर लक्षात आलेल्या संसर्गात जखम पुन्हा उघडून आतून धुतात, मेलेला भाग काढतात आणि खोलवरचे चार-पाच तुकडे तपासणीला पाठवतात. काही जंतू इतके सावकाश वाढतात की प्रयोगशाळेला 10 ते 14 दिवस थांबावे लागते. आपल्याकडे मणक्याचा क्षयही पुष्कळ, तेव्हा तीही तपासणी होते. आधीच गोळ्या घेतलेल्या असतील तर जंतू पुष्कळदा उगवतच नाहीत आणि मग औषध अंदाजाने निवडावे लागते. या रुग्णाचे तसेच होता होता राहिले. सुदैवाने एका तुकड्यात स्टॅफिलोकॉकस सापडला.

"मग सळईच काढून टाका ना," आजींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण हाड जुळण्याआधी सळई काढली तर मणका ढळण्याची भीती असते. हाड जुळल्यानंतर उशिरा संसर्ग झाला तर मात्र ती काढणेच बरे.

सळई ठेवायची म्हणजे औषध लांबते: आधी काही आठवडे शिरेतून, मग गोळ्या, साधारण 3 महिने. स्टॅफिलोकॉकस असेल तर जखम कोरडी झाल्यावर रिफॅम्पिसिन जोडतात, कारण ते थरातल्या जंतूंपर्यंत पोहोचते. क्षयरोग्यांना हे नाव परिचित आहे. एकटे दिले तर जंतू त्याला चटकन दाद देईनासे होतात, म्हणून जोडीला दुसरे औषध हवेच. लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले तर लगेच दाखवावे. मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या व संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो. त्या चालू असतील तर आधीच सांगावे.

आमच्या रुग्णाची जखम आता कोरडी आहे, रक्तातील सीआरपी उतरले आहे. परवा मुलगा पुन्हा विचारत होता, आता गोळ्या बंद करू का? अजून 7 आठवडे बाकी आहेत. कॅलेंडरवर मी त्याला तारखेभोवती गोल करून दिला आहे.