बगळा राखाडी का येतो?

प्रश्न : मोशीजवळ इंद्रायणीकाठी उडत्या बगळ्यांचे फोटो काढतो. कधी बगळा राखाडी येतो, कधी नुसता पांढरा ठिपका. कॅमेरा बिघडलाय का?
– एक वाचक, मोशी

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. त्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. पावसाळ्यातलं पांढुरकं आभाळ त्याला फार उजळ वाटतं, म्हणून तो प्रकाश कमी करतो आणि बगळा मळकट दिसतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +१.७ ठेवा. हिवाळ्यातलं गडद निळं आभाळ मात्र मध्यम छटेच्या जवळ असतं. उन्हातला बगळा त्याहून कितीतरी उजळ. तिथे −०.७ पासून सुरुवात करा.

पण उडता बगळा क्षणात आभाळातून हिरव्यागार जलपर्णीसमोर येतो. पार्श्वभूमी बदलते, त्याच्यावरचं ऊन तेच राहतं. म्हणून स्वच्छ उन्हात मी मॅन्युअलच सुचवीन : ऑटो आयएसओ बंद, आयएसओ ४००, एफ ८, शटर १/२५००. सूर्य पाठीशी हवा. कोवळ्या उन्हात शटर थोडं मंद करा. एक फोटो काढून हायलाइट अलर्ट बघा. पिसं लुकलुकली तर १/३२००. रॉ फाइल घ्याच, तरीही पूर्ण जळालेली पिसं परत मिळत नाहीत. सावल्या बऱ्याच उजळता येतात. काळ्या डोक्याचा शराटी दिसला तरी मोजमाप पांढऱ्या पंखांचंच धरा.