उद्याचे ओझे : चालढकलीविषयी एक अभ्यास



बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागात बेल्लंदूर नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. २०१५ च्या मे महिन्यात या तलावावरील फेसाने पेट घेतला. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत तेथे पुन्हा आग लागली. पाण्याने आग विझते हे लहान मूलही जाणते. मग तलावावरच ज्वाळा कशा उठल्या? शहराचे सांडपाणी पुरतेपणी शुद्ध न होताच वर्षानुवर्षे त्यात येत राहिले होते. साबणाच्या रसायनांचा फेस साचला, जलपर्णी माजली. एका दिवसाच्या सांडपाण्याने तलाव बिघडला नसता. म्हणूनच प्रत्येक दिवस ‘आज राहिले तर काय झाले’ असे म्हणण्याजोगा वाटला. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राज्य सरकारला ५० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

आपल्या आयुष्यातही असे तलाव असतात. न केलेली वैद्यकीय तपासणी, न लिहिलेले मृत्युपत्र, भावाशी धरलेला अबोला. यांतील एकही गोष्ट आज पेट घेत नाही, आणि तेच तिचे भय आहे.

१. आळस की भीती?

प्रत्येक विलंब म्हणजे चालढकल नव्हे. जमिनीला वापसा येईपर्यंत शेतकरी पेरणीसाठी थांबतो, ते शहाणपण होय. आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही, योजलेले काम योग्य कारणाशिवाय पुढे लोटणे, ही चालढकल. तिला आपण आळस म्हणतो; पण पत्र लिहिण्याचे टाळणारा मनुष्य त्याच वेळात कपाट आवरतो, सायकल पुसतो, बाजारहाट करून येतो. तो कष्टाला भीत नाही. त्या एका कामाबरोबर मनात जी लाज, शंका वा धास्ती उठते, तिच्यापासून तो पळत असतो. मानसशास्त्रज्ञ फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये हाच विचार मांडला : चालढकल हा मनाला तात्पुरता दिलासा मिळविण्याचा मार्ग आहे, आणि त्याची किंमत पुढे आपल्यालाच मोजावी लागते.

पवित्र शास्त्रात याचे बोलके उदाहरण प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४ मध्ये आहे. पौलाचे भाषण ऐकून सुभेदार फेलिक्स भयभीत झाला आणि सवड मिळताच पुन्हा बोलावीन, असे सांगून त्याने पौलाला परत पाठविले. लक्षात घ्या, त्यानंतर त्याने पौलाला अनेकदा बोलावले. संभाषणाला त्याला सवड मिळाली, निर्णयाला मात्र मिळाली नाही. मनात लाचेची आशाही होती. दोन वर्षांनी त्याच्या जागी फेस्त आला, तेव्हा पौल तुरुंगातच होता. फेलिक्सच्या चालढकलीची किंमत दुसऱ्याने मोजली. आपल्याही बाबतीत पुष्कळदा असेच घडते.

२. आजचा त्रास मोठा का दिसतो?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ हे पूर्वी एक वर्ष भारतात राहिले होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटीस आले आणि परत जाताना कपड्यांची एक पेटी अमेरिकेस पाठविण्यासाठी त्यांच्याकडे ठेवून गेले. पार्सल पाठविण्यात अख्खा दिवस मोडेल, असा अकेरलॉफ यांचा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी ठरवीत : पेटी उद्या पाठवू. १९९१ मध्ये त्यांनी या अनुभवावरून एक शोधनिबंध लिहिला. २००१ मध्ये या दोघा मित्रांना मायकेल स्पेन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे बुद्धीच्या अभावी चालढकल होते, असे नव्हे. आजचा त्रास डोळ्यांपुढे ठळक उभा राहतो, उद्याचा धूसर दिसतो. आणि उद्या उजाडला की तोही ‘आज’ होतो. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराला हे मर्म आपल्याहून चांगले कळलेले असते.

आज पळवाट तर हाताशीच आहे. अवघड काम समोर आले की हात मोबाइलकडे जातो. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मोबाइल, इंटरनेट व तत्सम साधनांच्या अतिवापरात अडकलेल्यांसाठी २०१४ मध्ये स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले, यावरून या पळवाटेचे गांभीर्य ओळखावे.

३. मार्ग कोणता?

पहिली गोष्ट, स्वतःला झोडपणे थांबवा. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेपूर्वी चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेपूर्वी चालढकल कमी केली. कारण उघड आहे : अपराधाची बोचणी जितकी तीव्र, तितके ते काम नजरेआड करावेसे वाटते. क्षमा म्हणजे दोषावर पांघरूण नव्हे. दोषाकडे न भिता पाहण्याचे बळ तिच्यातून मिळते. क्षमेचा संदेश ऐकत वाढलेल्या आपल्याला हे नवे वाटू नये.

दुसरी गोष्ट, पहिले पाऊल लहान करा. ‘गाठीची तपासणी’ हे काम भयंकर वाटते. ‘रुग्णालयात जाऊन केसपेपर काढणे’ हे तसे वाटत नाही. भावाशी समेट करायचा असेल, तर आज केवळ दोन ओळींचे पत्र लिहा.

तिसरी गोष्ट, वेळ व जागा ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखविले की, केवळ निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडताच मी तमुक करीन’ अशी योजना अधिक फळाला येते. ‘लवकरच लिहीन’ असे म्हणू नका. ‘सकाळचा चहा होताच याच मेजावर लिहीन’ असे म्हणा, आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

तरीही महिनोन् महिने कशालाच हात लागत नसेल, झोप व उत्साह हरपला असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी उपदेशाहून उपचार श्रेष्ठ. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो.

मननासाठी

(१) कोणते काम आठवताच आपले मन दुसरीकडे वळते? त्यामागे नेमके कशाचे भय आहे?
(२) आपल्या विलंबाची किंमत दुसरे कोण मोजत आहे?
(३) त्या कामाचे सर्वांत लहान पहिले पाऊल कोणते, आणि ते आज किती वाजता उचलाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे पान उलटण्यापूर्वी लिहून ठेवा.