शेतकऱ्याची मोटार व प्रवासी भाडे : जोडधंद्याचा विचार

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला व १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. कुडाळ वा सावंतवाडी स्थानकावर उतरणाऱ्या कुटुंबास मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले येथे जाण्यास वाहन लागते; आणि कित्येक बागायतदारांची मोटार बरेच दिवस दारात उभी असते. ती भाड्याने देऊन चार पैसे मिळवावे, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु कायदा व हिशेब या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय या धंद्यात पडू नये.

खासगी मोटार भाड्याने चालत नाही

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली मोटार घरच्या वापरासाठी नोंदलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे प्रवासी भाड्यास परवाना आवश्यक आहे. परवान्यावाचून भाडे केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास व १०,००० रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद असून कलम ५३ अन्वये मोटारीची नोंदणीही निलंबित होऊ शकते.

याहून मोठा धोका विम्याचा आहे. खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाल्यास मोटारीची भरपाई नाकारली जाते. विमा कंपनीने इतर जखमींस रक्कम दिली, तरी ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. अशा वेळी एका फेरीच्या लोभाने बागेवर कर्ज काढण्याचा प्रसंग ओढवतो.

प्रवाशाने स्वतः चालवावी म्हणून मोटार देणे हा निराळा धंदा होय. त्यासाठीच्या १९८९ च्या केंद्रीय योजनेत किमान ५० मोटारींची अट घातली आहे. यास्तव एक मोटार असलेल्या शेतकऱ्याने चालकासह भाडे करणे हाच योग्य मार्ग समजावा.

करावयाची कामे

१. परिवहन कार्यालयात अर्ज करून मोटारीची नोंदणी परिवहन वर्गात बदलून घ्यावी. मोटारीवर कर्ज असल्यास प्रथम बँकेची संमती घ्यावी.
२. कराचा फरक भरून योग्यता प्रमाणपत्र व परवाना घ्यावा.
३. भाड्याच्या वापराचा विमा उतरवावा.
४. पेट्रोल वा डिझेलच्या मोटारीस पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे लावावीत.

हिशेब कसा करावा

पेट्रोल वजा जाता उरले ते उत्पन्न, ही समजूत चुकीची आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, रिकाम्या परतीसह १०० किलोमीटरच्या दिवसाचे भाडे २,५०० रुपये आले. त्यातून पेट्रोल ७०० रुपये, चालकाची मजुरी ६००, मोटारीची झीज ३०० आणि टायर, तेल व दुरुस्ती १५० असे १,७५० रुपये जातात. उरतात ७५० रुपये. आता विमा, कर व प्रमाणपत्रे यांचा वाढीव वार्षिक खर्च ४०,००० रुपये धरला, तर ५४ दिवस भाडे मिळाल्यावरच तो भरून निघतो. वर्षात ८० दिवस भाडे मिळाल्यास २०,००० रुपये नफा होतो. ४० दिवसच मिळाल्यास १०,००० रुपये तोटा येतो.

घरच्या मुलाने मोटार चालविल्यास मजुरी घरात राहते हे खरे. मात्र त्याच्या गैरहजेरीत शेतावर गडी लावावा लागत असेल, तर ती मजुरीही हिशेबात धरावी.

हंगामाचा मेळ

पावसाळ्यात किनाऱ्यावरील प्रवासी कमी होतात व भातलावणीचे दिवसही तेच असतात, हा मेळ सोयीचा आहे. मे महिन्यात मात्र प्रवाशांची गर्दी व आंब्याची तोड एकाच वेळी येते. त्या दिवसांत घरची निकड कशी भागेल, हे आधीच ठरवावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी इच्छुक शेतकऱ्यांस एकत्र बसवून प्रत्येकाच्या मोटारीचा हिशेब वरीलप्रमाणे कागदावर मांडावा. दर व शुल्क परिवहन कार्यालयातून प्रत्यक्ष विचारून घ्यावेत. खात्रीने किती दिवस भाडे मिळेल, याचा अंदाज निवासगृहांच्या चालकांकडून घ्यावा. जेथे दिवस पुरेसे भरत नाहीत, तेथे नोंदणी न बदलता मोटार घरच्या कामासाठीच ठेवण्याचा सल्ला निःसंकोच द्यावा.