एकट्यानं जा, पण गुपचूप नको
सेलबारी-डोलबारीत एकट्यानं हिंडणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर जत्रा भरते. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाणात गुजरातच्या डांगाला खेटून असलेल्या सेलबारी-डोलबारी रांगेत तशी गर्दी नसते. साल्हेर (१,५६७ मीटर) हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे तिथं माणसं भेटतात. मोरा, हरगड, न्हावीगडावर मात्र आडवारी दिवसभरात कुणी दिसेलच असं नाही. सटाणा, मालेगाव, नाशिककरांच्या आवाक्यातली ही रांग एकट्यानं पाहण्यासारखी आहे. फक्त इथं मुरगळलेला पायही मोठं संकट ठरू शकतो.

काय करावे

- दोघांना सांगून निघा. एक घरचं माणूस, दुसरं पायथ्याच्या गावातलं. कुठला गड, कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, एवढं तरी सांगाच. वाघांबे, साल्हेरवाडी किंवा मुल्हेरमध्ये पारावर, चहाच्या टपरीवर दोन मिनिटं थांबलात तरी काम होतं. वाटेची ताजी खबरही तिथंच मिळते.
- ठिकाणं अवघडपणाच्या चढत्या क्रमानं निवडा. आधी मांगी-तुंगी: तीर्थक्षेत्र असल्यानं पायऱ्या आहेत, सोबतीला यात्रेकरू असतात. मग साल्हेर, मग मुल्हेर-मोरा.
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पहाटे निघा. परत फिरायची वेळ आधीच ठरवा. माथा चार पावलांवर असला तरी ती मोडू नका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खिंडीत अंधार त्याआधीच उतरतो.
- वाट ओळखायला शिका. ढोरवाट उताराला आडवी जाते, फाटे फोडते आणि गवतात विरते. गडाची वाट चढत राहते. झिजलेला खडक, कोरीव पायऱ्या, हाता-पायासाठीच्या खोबणी आणि शेंदूर फासलेला दगड या तिच्या खुणा. बराच वेळ यातलं काहीच दिसलं नाही, तर शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे या.
- पाणी खालूनच घ्या. दिवसाला चार लिटर. साल्हेरवर गंगासागर तलाव आहे, पण प्रत्येक गडावरचं टाकं पिण्याजोगं असेल असं नाही.
- सोबत ठेवा: बॅटरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाणे, फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. रेंज नसेल तिथं फोन फ्लाइट मोडवर टाका, चार्जिंग टिकतं.

काय टाळावे

- एकट्यानं सालोटा नको. साल्हेर-सालोटा खिंडीतून तो सोपा वाटतो. पण वाट अरुंद, घसाऱ्याची आणि दरीच्या कडेची आहे. जाणकार सोबत असेल तेव्हाच जा.
- वाळल्या गवताच्या उतारावरून शॉर्टकट नको. दिवाळीनंतरचं गवत बुटाखाली तेल लावल्यासारखं सरकतं. जायबंदी व्हायची भीती चढण्यापेक्षा उतरतानाच जास्त.
- कातळाखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. वर आग्या मोहोळ असू शकतं. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका. तोंड-मान झाकून वाटेवरूनच लांब निघा.
- शेकोटी पेटती सोडू नका. एका ठिणगीनं वणवा लागतो आणि गुरांचा चारा जळतो.
- कपारीत न बघता हात घालू नका. साप चावलाच तर चिरा देणं, दोरीनं आवळणं, मांत्रिकाकडे जाणं, सगळं वर्ज्य. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलवू नका, शिट्टी वाजवून माणसं गोळा करा आणि १०८ ला फोन लावा.
- चालू ठिकाण लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. एकटे आहात हे साऱ्या जगाला कळायची गरज नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना सांगितलेलंच आहे.
- परस्पर घरी निघू नका. गावात ज्यांना सांगून गेलात, त्यांना ‘उतरलो’ म्हणून सांगा. नाहीतर तुम्ही एसटीत डुलक्या घेत असाल आणि गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन रात्रभर तुम्हाला डोंगरात शोधत असतील.